डी ड्राइव्हची वाटणी

हा भाग रेकॉर्ड करताना मी मध्ये दोनदा थांबलो, त्यामुळे ऑडिओत पंख्याचा आवाज अचानक बदललेला जाणवेल. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे सगळं लिहून टाकतोय. आजचा विषय आहे हार्ड डिस्कचं पार्टिशन. लिनक्स टाकताना ते हाताने करावं लागतं तेव्हा नेमकं काय होतं, आणि हा प्रकार आला कुठून. ऐकूनच कंटाळा आला ना? मलाही यायचा. २०१६ च्या दिवाळीपर्यंत.

मी तेव्हा सुरतेला बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीला भुसावळ पॅसेंजरने शिंदखेड्याला उतरलो तेव्हा बॅगेत धुवायचे कपडे होते आणि आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह होता. त्यावर हॉस्टेलमधल्या सिनिअरने उबंटू १६.०४ टाकून दिलं होतं. सोबत सल्लाही होता. 'इरेज डिस्क'वर चुकूनही क्लिक करू नको. 'समथिंग एल्स' निवड आणि पार्टिशन हाताने कर, खरा लिनक्सवाला हातानेच करतो.

घरचा कॉम्प्युटर म्हणजे पप्पांनी २०११ मध्ये धुळ्याहून असेंबल करून आणलेला डबा. पप्पांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे, हिशोबासाठी म्हणून तो घेतला होता. ५०० जीबीची डिस्क, तिचे तीन ड्राइव्ह. सी मध्ये विंडोज ७. डी मध्ये घरचे फोटो, दुकानाच्या एक्सेल शीट आणि आजीची रेकॉर्डिंग. ई मध्ये माझे सिनेमे आणि गेम. माझा प्लॅन सोपा होता: ई उडवायचा आणि तिथे उबंटू बसवायचं.

आजीच्या रेकॉर्डिंगबद्दल सांगतो. २०१२ च्या श्रावणात आमच्याकडे कानबाई बसली होती. खानदेशातल्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते, रात्रभर बायका अहिराणीत गाणी म्हणतात, सोमवारी सकाळी विसर्जन. आजीला ही गाणी खूप यायची. मी पप्पांच्या साध्या नोकियावर तिची सहा गाणी रेकॉर्ड करून घेतली. मला त्यातलं काही फार कळत होतं म्हणून नाही. फोन नवीन होता, एवढंच कारण. आजी २०१४ ला गेली. नोकिया त्याआधीच पाण्याच्या टाकीत पडून गेला होता. म्हणजे सहा फाइल, एकच जागा: डी ड्राइव्ह.

आता स्क्रीनवर काय दिसलं ते ऐका.

आपण सगळे सी, डी, ई शिकलेले. माझ्या पिढीच्या गावाकडच्या मुलांनी कॉम्प्युटर पहिल्यांदा पाहिला तो बहुतेक एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये, आणि तिथे पहिलंच वाक्य असायचं की माय कॉम्प्युटर उघडा, सी ड्राइव्हमध्ये जा. ए आणि बी कुठे गेले, हे तेव्हा कोणी विचारायचं नाही. ती अक्षरं फ्लॉपीसाठी राखीव होती, फ्लॉपी गेली आणि अक्षरं रिकामी राहिली. पण लिनक्सला सी-डी-ई काही माहीत नाही. त्याच्या यादीत होतं एसडीए १, एसडीए २, एसडीए ३ आणि मग एकदम एसडीए ५, एसडीए ६. चार गायब. माझ्याकडे ड्राइव्ह तीन आणि इथे आकडा सहापर्यंत.

हे आकडे असे का, याचं उत्तर १९८३ मध्ये आहे.

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ मध्ये आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. सगळा कारभार फ्लॉपीवर. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. हो, एमबी. आज व्हॉट्सअॅपवर आलेला एखादा व्हिडिओ तिच्यात मावणार नाही. त्याच्याबरोबर आलेल्या डॉस २.० मध्ये एफडिस्क नावाचा प्रोग्रॅम होता, आणि डिस्कचे भाग पाडायची जी पद्धत तेव्हा ठरली तीच माझ्या घरच्या डब्यात २०१६ मध्ये चालू होती.

एवढीशी डिस्क, तिचेही तुकडे कशाला? तर तेव्हा डॉसच जिंकणार हे नक्की झालेलं नव्हतं. कोणाला डॉस हवं, कोणाला सीपीएम, कोणाला युनिक्सचा एखादा अवतार. एकाच डिस्कवर हे सगळे शेजारी म्हणून राहू शकावेत यासाठी वाटणी. म्हणजे एका मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवणं ही लिनक्सवाल्यांची खोड नाही, पार्टिशनचा जन्मच त्यासाठी झाला.

आणि ही वाटणी लिहायची कुठे? डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये. सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट मशीन चालू करणाऱ्या कोडला, शेवटचे २ बाइट शिक्क्यासारखे, आणि मध्ये उरले ६४. प्रत्येक भागाची नोंद १६ बाइटची: कुठून सुरू, किती लांब, कोणत्या प्रकारचा. १६ चोक ६४. म्हणून भाग चारच. मोठा सिद्धांत वगैरे काही नाही, कागद तेवढाच होता.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे लगेच समजतं. हा सातबारा आहे. जमीन बाहेर आहे, पण तुझी कुठली आणि माझी कुठली हे त्या कागदावर आहे. सातबाऱ्यावर नाव बदललं म्हणून शेतातलं ढेकूळ हलत नाही. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. शिंदखेडा पश्चिमेत गेलं. १९६० मध्ये त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. एवढ्या वाटण्या झाल्या, तापी आणि बुराई जिथून वाहत होत्या तिथूनच वाहत राहिल्या. बदलली ती कचेरी आणि दप्तर.

अर्थात दप्तराला कमी समजू नका. १८५२ मध्ये सावदा, रावेर, चोपडा भागात इंग्रजांच्या जमीन मोजणीविरुद्ध लोक हजारोंनी जमले होते, सरकारला फौज आणावी लागली. मोजणीदाराने साखळी टाकली की आपल्या बापजाद्यांच्या शेताचं काय होणार, ही भीती खोटी नव्हती. असो, तो एक वेगळा भाग होईल.

चार नोंदी लवकरच अपुऱ्या पडल्या. त्यात डॉसला एका भागात ३२ एमबीच्या वर मोजताच येत नव्हतं. डिस्क मोठ्या व्हायला लागल्या तशी गोची झाली. १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये तोड निघाली ती खास भारतीय वाटावी अशी आहे: चारपैकी एका भागाला 'एक्स्टेंडेड' म्हणायचं आणि त्याच्या पोटात आणखी भाग पाडायचे. थोरल्या भावाच्या वाट्यात पुन्हा पोटहिस्से. या पोटहिश्श्यांना लॉजिकल पार्टिशन म्हणतात. लिनक्सने पुढे नियम केला की १ ते ४ हे आकडे मूळ चार नोंदींसाठीच राखीव, वापरा नाहीतर रिकामे ठेवा, आणि पोटहिस्से कायम ५ पासून मोजायचे.

म्हणून माझ्या स्क्रीनवर असं होतं: १ म्हणजे विंडोजने स्वतःसाठी ठेवलेला १०० एमबीचा कोपरा, २ म्हणजे सी, ३ म्हणजे एक्स्टेंडेडची रिकामी पिशवी, ४ नाहीच, आणि ५ व ६ म्हणजे डी आणि ई. हे मला आज माहीत आहे.

लिनक्सच्या बाजूनेही पार्टिशनचा इतिहास अपघातांनीच भरलेला आहे. लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीत शिकत होता, जानेवारी १९९१ मध्ये त्याने ३८६ मशीन घेतलं. डिस्कवर मिनिक्स नावाची शिकाऊ ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि तिच्यावर बसून स्वतःची सिस्टिम लिहायला घेतली. त्याच वर्षी एकदा त्याला विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला मोडेमवरून फोन लावायचा होता. युनिक्ससारख्या सिस्टिममध्ये प्रत्येक उपकरण एका फाइलसारखं दिसतं. मोडेमही फाइल, डिस्कही फाइल. त्याने डायल करायच्या कमांड मोडेमऐवजी हार्ड डिस्कला पाठवल्या. डिस्क बिचारी आज्ञाधारक, तिने ते सगळं स्वतःवर लिहून घेतलं. मिनिक्सचं पार्टिशन खलास. आता मिनिक्स परत टाकायचं की स्वतःच्या अर्धवट लिनक्सवरच पूर्ण राहायला जायचं? त्याने दुसरं निवडलं. हे त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलंय. २०१६ च्या दिवाळीत मला ही गोष्ट कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

स्वॅप पार्टिशनची गोष्टही त्याच हिवाळ्यातली. कोणाकडे तरी फक्त २ एमबी रॅम होती, त्यात लिनक्स कंपाइल होईना. टोरवाल्ड्सने १९९१ च्या नाताळात बसून, रॅम भरली की तिच्यातलं थोडं डिस्कवर सरकवायची सोय लिहिली. जानेवारी १९९२ च्या आवृत्तीत ती आली. पुढे 'स्वॅप रॅमच्या दुप्पट ठेवा' हा नियम वर्षानुवर्षं पाठ केला गेला. आमच्या डब्यात रॅम २ जीबी, म्हणून मीही डोळे मिटून ४ जीबी स्वॅप दिला.

आपल्याकडे हे सगळं आलं कसं? व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही मोठ्या शहरांत आणि टेलिफोनच्या तारेवर. त्या वेगाने अख्खी सिस्टिम उतरवणं सोडाच. १९९६ पासून पीसीक्वेस्ट या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. त्यामागे अतुल चिटणीस होते. आडनाव आपलं, जन्म १९६२ मध्ये बर्लिनचा, कर्मभूमी बंगळूर. त्यांनीच पुढे २००१ मध्ये लिनक्स बंगळूर ही परिषद उभी केली, ती नंतर फॉस डॉट इन नावाने चालली. २०१३ मध्ये ते गेले. भारतात आज जो कोणी लिनक्सवर पोट भरतो त्याच्यापर्यंत कुठून तरी त्या सीडीची साखळी पोचते असं मला वाटतं. माझ्या सिनिअरचा सिनिअर त्या सीडीवर शिकला असेल, काय सांगावं.

त्या काळी पार्टिशन म्हणजे काळ्या स्क्रीनवर एफडिस्क उघडून अक्षरं टाइप करणं. एन म्हणजे नवीन, डी म्हणजे डिलीट, डब्ल्यू म्हणजे लिहून टाक. डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीच होत नाही, सगळं कच्च्या कागदावर चालतं. क्यू दाबून पळून जाता येतं. ही मला अजूनही त्या प्रोग्रॅमची सगळ्यात सभ्य गोष्ट वाटते. स्लॅकवेअर ही १९९३ ची सिस्टिम आजही तुम्हाला आधी हे करायला लावते आणि मगच इन्स्टॉल करते. त्यावर आणखी एक कटकट होती. जुन्या मशीनला बूट होताना डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरपलीकडचं वाचता यायचं नाही. म्हणून डिस्कच्या सुरुवातीलाच बूटसाठी छोटंसं वेगळं पार्टिशन करायची पद्धत पडली. मशीनची ती मर्यादा गेली तरी लोक ते पार्टिशन करतच राहिले. युनिक्सची यूएसआर डिरेक्टरी अशीच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये पहिली डिस्क भरली, म्हणून काही सामान दुसरीवर नेलं. सामान तिथेच राहिलं आणि नंतरच्यांनी त्यामागे तत्त्वज्ञान शोधलं.

उबंटू २००४ मध्ये आलं आणि २०११ पर्यंत तर मागेल त्याला सीडी पोस्टाने फुकट घरी पाठवत होतं. त्यांनी इन्स्टॉलर इतका सोपा केला की तीन पर्याय: विंडोजच्या शेजारी बसव, सगळं पुसून बसव, किंवा 'समथिंग एल्स'. पहिला पर्याय मी निवडला असता तर आज हा भागच नसता. पण खरा लिनक्सवाला व्हायचं होतं ना.

तर स्क्रीनवर एसडीए ५ आणि एसडीए ६. दोघांपुढे आकार लिहिलेला: १५७२८६ एमबी. दोघांपुढे तोच.

कारण असं की, डब्बा जोडला तेव्हा डी आणि ई करताना दोन्ही वेळा १५०००० असा गोल आकडा टाकलेला होता. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तिथे दोन्ही ड्राइव्ह १४६ जीबी दिसायचे. उबंटू १००० च्या पटीत मोजतं, म्हणून १५७२८६. मी १४६ शोधत होतो, ते कुठेच नव्हतं. तिथेच माझा गोंधळ झाला. शेजारी 'वापरलेली जागा' असा रकाना होता, त्यावरून डी कुठला हे सहज कळलं असतं. माझा ई सिनेमांनी गच्च भरलेला, डी अर्धाही नाही. मी तो रकाना वाचला नाही. मी विचार केला की लिनक्स सगळं उलटं मोजत असेल. असं का वाटलं, आजही सांगता येत नाही. एसडीए ५ निवडला, वजाबाकीचं चिन्ह दाबलं. तिथे ३० जीबीचं मुख्य पार्टिशन, ४ जीबी स्वॅप, उरलेलं सगळं होम. 'इन्स्टॉल नाऊ'. बदल डिस्कवर लिहिले जातील, अशी पाटी आली. कंटिन्यू.

वीस मिनिटांनी उबंटू चालू झालं. जांभळा स्क्रीन बघून मी आईला बोलावलं, तिने "छान आहे" म्हटलं आणि चकल्यांकडे परत गेली. मग मी फाइल्स उघडल्या. सिनेमे होते. सगळेच्या सगळे सिनेमे जागेवर होते.

पुढचा अर्धा तास मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. सिनिअरला फोन लावला. त्याने पहिलं वाक्य म्हटलं ते माझ्या डोक्यात कोरलं गेलंय: "आत्ताच्या आत्ता बंद कर आणि त्या मशीनला हात लावू नको."

का, ते समजून घ्या, कारण हे तुमच्याही उपयोगी पडेल. पार्टिशन डिलीट केलं तर फक्त त्या नोंदवहीतली १६ बाइटची ओळ जाते. डेटा आहे तिथेच. क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच माणसाने १९९८ मध्ये टेस्टडिस्क नावाचा फुकट प्रोग्रॅम लिहिला, तो डिस्कभर फिरून जुन्या बांधांच्या खुणा शोधतो आणि ती ओळ परत लिहून देतो. मी तिथेच थांबलो असतो तर दहा मिनिटांत डी परत आला असता. पण मी थांबलो नव्हतो. मी त्यावर नवीन फाइल सिस्टिम मांडली होती आणि वर पाच-सहा जीबी उबंटू ओतलं होतं. आणि विंडोज फायलींची नावं नि पत्ते ज्या वहीत ठेवतं, ती वही सहसा पार्टिशनच्या सुरुवातीच्या काही जीबीतच असते. नेमकी तिथे माझी नवीन सिस्टिम बसली होती. शेत नांगरलं होतं, फक्त सातबारा बदलला नव्हता.

संध्याकाळी पप्पा दुकानातून आले. सांगितलं. हिशोबाचं त्यांना फार वाटलं नाही, वह्या होत्याच. मग मी आजीच्या गाण्यांचं सांगितलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "दोन्ही सारखेच दिसत होते तर आत उघडून बघता येत नव्हतं का?" बघता येत होतं, पप्पा. लाइव्ह पेन ड्राइव्हवर एक क्लिक लागत होता. मी हो म्हटलं. ते जेवायला बसले.

चुलतभावाच्या लॅपटॉपला ती डिस्क बाहेरून जोडली. टेस्टडिस्कचाच जोडीदार आहे फोटोरेक. तो वही वगैरे बघतच नाही. डिस्कचा तुकडा न् तुकडा वाचतो आणि फाइलची सुरुवात ओळखतो. जेपीजीची सुरुवात ठरलेल्या बाइटने होते, जुन्या फोनच्या एएमआर रेकॉर्डिंगच्या तोंडाशीही ठरलेली अक्षरं असतात. सुरुवात सापडली की तिथून पुढे उचलत जातो. नाव, तारीख, फोल्डर काही मिळत नाही. रात्रभर चालला. धनत्रयोदशीच्या पहाटे समोर हजारो फाइल होत्या, सगळ्यांची नावं एफ आणि पुढे लांबलचक आकडा. फोटोंच्या गर्दीत लग्नपत्रिका, खताच्या कंपन्यांचे लोगो, विंडोजच्या चिमुकल्या आयकॉन.

एएमआर फाइल निघाल्या अकरा. सात माझेच वर्गातले चाळे. चार आजीच्या. सहापैकी चार. त्यातलं एक गाणं अर्ध्यात तुटतं, तिथे नवीन फाइल सिस्टिमने घर मांडताना आपली कुठली तरी वही ठेवली असावी. उरलेली दोन शोधायला मी नंतर दोन वर्षं ती डिस्क कपाटात ठेवली होती, तीनदा पुन्हा चाळली. नाही मिळाली. कुठली दोन गेली हेही मला सांगता येत नाही, कारण मला गाण्यांची नावं माहीत नव्हती. आत्याला चार ऐकवली, तिने आणखी बरीच आठवली, पण त्या रात्री आजीने कुठली म्हटली होती हे तिलाही आठवेना.

आताच्या लॅपटॉपवर ही चार नोंदींची भानगड राहिलेली नाही. जुन्या पद्धतीत २ टीबीच्या वर मोजताच येत नव्हतं. इंटेलने नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवीन पद्धत आणली, तिला जीपीटी म्हणतात. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ती घरोघरी पोचली. १२८ भागांची सोय, प्रत्येक भागाला नाव देता येतं, आणि नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. नाव देता येतं हे महत्त्वाचं. माझ्या सध्याच्या लॅपटॉपवर प्रत्येक पार्टिशनला नाव आहे, आणि इन्स्टॉल करण्याआधी मी यादीचा मोबाइलवर फोटो काढतो. ऑफिसात पोरं हसतात. हसू द्या.

ती चार गाणी आता पाच ठिकाणी आहेत, एक प्रत आत्याच्या मुलीकडे अमळनेरला. तुटलेल्या गाण्याच्या सुरुवातीला आजी मला अहिराणीत विचारते, "चालू शे का ते?" मी हो म्हणतो, मग ती घसा खाकरते आणि सुरू करते. ४१ सेकंदांनी तुटतं. ऑडिओत मी ते इथे लावलंय, आत्याला विचारून. ट्रान्सक्रिप्टमध्ये गाणं लिहिलेलं नाही, त्यासाठी ऐकावंच लागेल. पुढच्या भागात बूटलोडर.